जेटच्या टबाची सफाई आणि मे महिन्याचे ऊन

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील बाथरूममध्ये 2011 पासून जेटचा एक टब आहे. येणारे-जाणारे त्याला सरसकट ‘जकूझी’ म्हणतात. वास्तविक ते मूळच्या इटलीतील आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका घराण्याचे, आणि म्हणून त्यांच्या कंपनीचे, नाव आहे. त्या घराण्यातील कॅन्डिडो जकूझी यांच्या लहान मुलाला संधिवात होता आणि त्याला घरच्या घरी पाण्याचा शेक मिळावा म्हणून त्यांनी टबात ठेवता येईल असा पंप तयार केला. तो 1956 मध्ये बाजारात आला आणि 1968 मध्ये त्याच घराण्यातील रॉय जकूझी यांनी टबाच्या भिंतीतच जेट बसवले. आमच्याकडेही हा टब गुडघ्यांपायीच आला. माझ्या यजमानांचे गुडघे दुखत असत आणि मुलाने हौसेने तो बसवून दिला. पुढे गुडघ्यांचे ऑपरेशन झाले, टबाच्या काठावरून आत-बाहेर करणे धोक्याचे वाटू लागले आणि गेली काही वर्षे त्याचा उपयोग हिवाळ्यात कूलरच्या ताट्या ठेवण्यापुरता उरला.

मात्र स्वच्छतेत कधी कसर ठेवली नव्हती, अशी माझी समजूत होती. दर दिवाळीला टब घासला जाई, पुसला जाई आणि पांढराशुभ्र दिसे. या मे महिन्यात मुलगी आणि दहा वर्षांचा नातू बंगळुरूहून येणार होते आणि नातवाने फोनवरच ‘आजी, बुडबुड्यांच्या टबात बसायचं’ असे जाहीर केले होते. म्हणून ते येण्याच्या आठवडाभर आधी मी टब भरून पंप चालू करून पाहिला. पहिले काही क्षण जेटमधून स्वच्छ पाणी आले. नंतर एका जेटातून काळ्या-करड्या पापुद्र्यांचा लोट निघाला आणि पाहता पाहता बाकीच्या जेटांतूनही तेच येऊ लागले. उकळून गेलेल्या चहापत्तीएवढे ते तुकडे होते. वास म्हणाल तर पावसाळाभर झाकून ठेवलेल्या कूलरची टाकी उघडल्यावर येतो तसा. मी बटण बंद केले, तेव्हा पांढऱ्या टबाच्या तळाशी तो गाळ हळूहळू बसत होता.

आमच्या घराचे प्लंबिंगचे काम करणारा मुलगा संध्याकाळी येऊन पाहून गेला. त्याने टबाच्या बाजूची फरशीची झडप काढली, बॅटरी मारून आत पाहिले आणि म्हणाला, ‘‘काकू, टब घासून काय होते? पाणी तर याच्या नळ्यांमधी राहून जाते न. तेच सडून राहिलं.’’ नळ्या बदलायच्या तर टब उचलावा लागेल, फरशी फुटेल, आणि तसली फरशी आता मिळेलच असे नाही, हेही त्याने सांगितले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी संडासात घालायचे ॲसिड ओतून पाहावे असे सुचवले, त्यावर मात्र तो ठाम होता : ‘‘ॲसिड नका टाकू बाप्पा, पंपाची सील जाईन.’’ त्याच्या या एका वाक्याने माझे काही हजार रुपये वाचले असावेत.

तोपर्यंत हा टब कसा चालतो याचा मी कधी विचारच केला नव्हता. साध्या टबात पाणी येते आणि जाते. जेटच्या टबात ते फिरते. टबाच्या तळाजवळ एक जाळीदार झाकण असते, तेथून पंप पाणी ओढतो आणि टबाच्या पाठीमागून गेलेल्या नळ्यांमधून ते जेटांपर्यंत पोहोचवतो. जेटाच्या आत वाट एकदम अरुंद होते, त्यामुळे पाण्याचा वेग वाढतो, तेथला दाब कमी होतो आणि दुसऱ्या एका बारीक नळीतून हवा आपोआप आत ओढली जाते. नातवाचे बुडबुडे ते हेच. टबाच्या काठावर जी फिरवायची गोल कळ असते ती या हवेची. सहा वर्षे ती आम्ही नुसतीच ‘जोर कमी-जास्त करायची कळ’ म्हणून ओळखत होतो.

आता अडचण अशी की टबाचे बूच काढले की टबातले पाणी वाहून जाते, नळ्यांमधले सगळे जात नाही. नळ्यांना उतार दिलेला असला तरी जेथे त्या किंचित झोळ खातात तेथे आणि पंपाच्या पोटात थोडे पाणी साचून राहते. त्या पाण्यात साबण असतो, अंगावरचे तेल आणि मेलेली त्वचा असते. यजमान तर अंगाला तेल चोळूनच टबात बसत. अंधार, ओल आणि असे खाद्य मिळाल्यावर जिवाणू नळीच्या भिंतीला चिकटून एक बुळबुळीत थर तयार करतात. पंप चालू झाला की हाच थर सुटून पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर पडतो. हे नुसते किळसवाणे असते तरी मी एक वेळ कानाडोळा केला असता. पण अशा थरात स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढले तर अंगावर पुरळ उठते. लेजिओनेला हा जिवाणू तर 25 ते 45 अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात जोमाने वाढतो आणि जेटमुळे उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करू शकतो. नागपुरात उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या भिंतीआडच्या नळीत तापमान किती असेल याचा अंदाज नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. नातवाला त्या टबात बसवण्याआधी नळ्या आतून साफ करायच्याच, हे त्या रात्री नक्की झाले.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य बोर्डावरचा टबाचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडला आणि मगच हात घातला. त्याआधी विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या 30 मिलिअँपिअरच्या ईएलसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो ना हेही पाहिले, कारण पाणी आणि वीज एकत्र असलेल्या जागी आपल्या आठवणीवर विसंबणे मला मान्य नाही. ओढणाऱ्या तोंडावरच्या जाळीचे दोन स्क्रू काढले. आत केसांचा एक गुंता, टॉवेलचे धागे आणि मुलीच्या कॉलेजच्या दिवसांतली वाटावी अशी एक गंजलेली केसांची पिन होती. ही जाळी किरकोळ वस्तू नव्हे. ती नसताना किंवा तुटलेली असताना पंप चालवला तर लांब केस आत ओढले जाऊन डोके पाण्याखाली अडकू शकते. म्हणून जाळी धुऊन, तडा नाही याची खात्री करून, पहिल्यांदा परत बसवली ती तीच.

मग जेटांच्या तोंडावरच्या चकत्या काढल्या. आमच्या टबात त्या डावीकडे फिरवल्या की निघतात. सहापैकी पाच सहज निघाल्या, सहावी क्षारांनी धरून ठेवली होती, तिला गरम पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे लागले. चकती उलटी करून पाहिली तेव्हा मला दिवाळीच्या घासण्याचे खरे स्वरूप कळले. पुढची बाजू चकचकीत, आणि मागे खोबणीत काळपट थर. बोटावर घेतला तर भेंडी चिरताना हाताला लागते तसा तारेतारेचा बुळबुळीतपणा. त्याच्या खाली, नखाने खरवडले तर, पांढरा कठीण क्षार. म्हणजे एकावर एक दोन प्रकारची घाण होती, आणि दोहोंचा उपाय वेगळा होता.

येथे मी पहिली चूक केली. जेटच्या टबासाठी फेस न होणारी पावडर वापरावी असे वाचले होते. डिशवॉशर यंत्रात घालतात ती. घरात डिशवॉशर नाही. तेव्हा एवढ्यासाठी नवा डबा कशाला आणायचा, भांडी घासण्याचे पातळ साबण दोन चमचे घातले तर काय बिघडणार, असा हिशेब मी केला. बँकेत पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्यावर स्वतःची एवढी साधी चूक दिसू नये, याचे अजून नवल वाटते. शिवाय हवेची कळ उघडीच राहिली होती. पंप चालू केल्यावर मिनिटभरात फेस टबाच्या काठाला आला, दुसऱ्या मिनिटाला काठावरून उतरला आणि मी बटणापर्यंत पोहोचेस्तोवर पायपुसणे त्याच्याखाली गेले होते. पंप बंद केल्यानंतरही फेस बसायला तयार नव्हता. ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘काकू, हे तर कापसाची गाडी उलटल्यावानी झालं.’’ जवळजवळ 200 लिटर पाणी त्या एका काटकसरीपायी वाया गेले.

संध्याकाळी मुकाट्याने जाऊन डिशवॉशरची पावडर आणि क्लोरीनचे पातळ ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घेऊन आले. टबाबरोबर आलेले माहितीपत्रक सुदैवाने फाइलीत जपून ठेवलेले होते. त्यात सौम्य प्रमाणात ब्लीच चालेल असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्येक टबाला ते चालेलच असे नाही, तेव्हा ते आधी पाहून घेणे बरे.

उरला प्रश्न गरम पाण्याचा. नळ्यांमधला तेलकट थर गार पाण्याने सुटत नाही, आणि आमचा गीझर 25 लिटरचा. जेट बुडून वर चार बोटे पाणी यायला हवे, म्हणजे गीझर आठ वेळा भरून तापवायचा आणि तोपर्यंत आधीचे पाणी निवणार. यजमानांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सुचवले, ‘‘दुपारी दीड वाजता गार पाण्याचा नळ सोड.’’ मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धुताना चटका बसतो म्हणून आपण रोज कुरकुरतो, त्याच चटक्याचा उपयोग! नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू व्हायला तीन-चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी टबात सोडले आणि तापमापक बुडवून पाहिले, तो 43 अंश. वर गीझरच्या दोन खेपा घातल्या आणि वीज जवळजवळ न खर्चता हवे तसे पाणी मिळाले. या एका बाबतीत नागपूरच्या उन्हाचे मी मनापासून आभार मानले.

आता क्रम असा ठेवला. हवेची कळ पूर्ण बंद केली, म्हणजे नळ्यांमध्ये हवा न शिरता त्या पाण्याने काठोकाठ भरून वाहतील आणि फेसही होणार नाही. पाणी सर्वांत वरच्या जेटाच्या चार बोटे वर आहे याची पुन्हा खात्री केली, कारण पंपाची सील त्यातून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते आणि कोरडा पंप थोडा वेळ चालला तरी ती जळू शकते. पावडरचे दोन मोठे चमचे बादलीत विरघळवून टबात ओतले आणि पंप पंधरा मिनिटे चालवला. पहिल्या पाच मिनिटांतच पाणी राखाडी झाले. नंतर जे आले ते आधीच्या पापुद्र्यांपेक्षा मोठे होते. काही तर बोटाच्या पेराएवढे, एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने नळीच्या गोलाईचा ठसा घेतलेले. पंप बंद करून तसेच पंधरा मिनिटे मुरू दिले, पुन्हा पाच मिनिटे चालवले आणि मग बूच काढले. टबाच्या कडेला घाणीची जी रेघ राहिली ती लगेच पुसून घेतली, वाळल्यावर ती निघायला त्रास देते.

पावडर आणि ब्लीच एकत्रच घालावे असे सांगणारेही आहेत. मी तसे केले नाही. एक तर पावडरच्या पाकिटावर दुसऱ्या कशात मिसळू नये असे लिहिले होते. दुसरे म्हणजे क्लोरीन घाणीवरच खर्ची पडतो, त्यामुळे आधी मळ काढून टाकावा आणि मग जिवाणूंसाठी क्लोरीन वापरावा हे मला अधिक पटले. म्हणून दुसऱ्या भरणीत अर्धा कप ब्लीच घालून दहा मिनिटे पंप चालवला. या वेळी खिडकी आणि दार सताड उघडे, एक्झॉस्ट पंखा चालू, हातात रबरी मोजे. दुकानात कॅनमध्ये सुटे मिळणारे हायपोक्लोराइट बाटलीतल्यापेक्षा बरेच तीव्र असते, त्यामुळे तेथे अर्धा कपाचा हिशेब लागू होत नाही. पाणी फार गरमही या भरणीत घेतले नाही, उष्णतेने ब्लीच लवकर निकामी होते आणि वासही डोक्यात चढतो. पापुद्रे आता तुरळक आले, तेही फिकट, विटलेल्या कागदासारखे.

त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन भरण्या, प्रत्येकी दहा मिनिटे. शेवटच्या भरणीच्या वेळी मी स्टीलची पांढरी झालेली जुनी पातेली जेटासमोर धरली, भरून खिडकीत उजेडाला ठेवली आणि अर्ध्या तासाने तळ पाहिला. एकच कण होता, तोही वाळूचा निघाला. फेसाची भरणी धरून एकूण पाच भरण्या झाल्या, म्हणजे सुमारे 1000 लिटर पाणी, आमच्या गच्चीवरची पूर्ण एक टाकी. भर मे महिन्यात एवढे पाणी सोडताना मनाला लागलेच. शेवटच्या भरणीचे पाणी तेवढे बादल्यांनी काढून गच्ची आणि जिना धुतला. क्लोरीनच्या पाण्याचा असा उपयोग करता आला नाही, ते कुंड्यांनाही चालले नसते.

क्षारांचे काम मुद्दाम तिसऱ्या दिवसावर ठेवले. आमच्याकडे नळाचे पाणी आहे, पण टब बोअरच्या पाण्याने भरत असे, आणि बोअरचे पाणी किती जड आहे हे कूलरच्या ताट्यांवर दर सिझनला जमणाऱ्या पांढऱ्या खरपुड्या पाहूनच कळते. पाणी तापले किंवा वाळले की त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बसते, गीझरच्या कॉइलवर बसते ते हेच, आणि साबणाशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका होतो. यावर उपाय आम्लाचा. इतवारीच्या किराणा दुकानातून आणलेले निंबूसत घरात होतेच. मी उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी, ब्लीचनंतर लागलीच, ते पाण्यात कालवायला घेतले होते. मुलीचा फोन आला म्हणून थांबले. ती म्हणाली, ‘‘आई, आज बिलकूल नको. नळीत जरी ब्लीच राहिलं असेल ना, तरी आम्ल पडल्याबरोबर क्लोरीन वायू सुटेल, आणि तू त्या एवढ्याशा बाथरूममध्ये!’’ व्हिनेगर असो, लिंबू असो की संडासाचे ॲसिड, ब्लीचच्या वाऱ्यालाही ते जाता कामा नये, हे मला तत्त्वतः ठाऊक होते. हात मात्र पुड्याकडे गेलेच होते.

तिसऱ्या दिवशी जेटाच्या चकत्या बादलीभर कोमट पाण्यात चार चमचे निंबूसत घालून दोन तास बुडवून ठेवल्या. थोड्याच वेळात चकत्यांवरून बारीक बुडबुडे सुटू लागले, क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड निघतो त्याचे. नंतर जुन्या दातांच्या ब्रशने खोबणी घासल्या आणि काळा थर गेल्यामुळे आम्लाला क्षारापर्यंत पोहोचायला अडचण राहिली नाही. टबाच्या पृष्ठभागावर, पाणी जेथपर्यंत भरते त्या रेषेवर, व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके दहा मिनिटे चिकटवून ठेवले आणि मऊ स्पंजाने पुसले. टब ॲक्रिलिकचा आहे. त्याला तारेची घासणी, खरखरीत पावडर किंवा थिनर यांपैकी काहीही चालत नाही. आम्ही दर दिवाळीला नेमकी तारेची घासणीच वापरत आलो. दुपारचे तिरपे ऊन खिडकीतून आले की डोक्याच्या बाजूला पोळपाटाएवढा एक भाग झाकोळलेला दिसतो, तो त्या घासण्याचा. तो आता तसाच राहणार.

चकत्या बसवल्या, एमसीबी चढवला, हवेची कळ उघडली. सहाही जेटांतून पाणी आले. ज्या जेटाची चकती निघत नव्हती त्यातून तर आम्ही टब नवा असतानाही पाहिला नव्हता एवढा जोर होता. पंपाचा आवाज उतरला होता, किंवा मला तसे वाटले असेल. यजमान दारात खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी धोतर सावरून पाय टबाच्या काठावरून आत सोडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

नातू आला. टबात तेलकट काही घालायचे नाही, आंघोळ आधी बाहेर करून मगच आत बसायचे, पाणी सोडल्यावर एकदा साधे पाणी भरून दोन मिनिटे पंप फिरवायचा, एवढे नियम त्याला सांगितले. पहिल्या दोन नियमांवर त्याने मान डोलावली, तिसऱ्यासाठी दुपटीने पाणी लागते म्हणून त्यानेच हरकत घेतली. मग असे ठरले की तो आठवड्यातून दोनदाच बसेल, बाकी दिवशी बूच उघडे ठेवून, खिडकीतले ऊन आत येऊ द्यायचे.

पुढची सफाई दिवाळीच्या आधी करायची असे वहीत लिहून ठेवले आहे. त्या वेळी गच्चीवरच्या टाकीचे पाणी असे तापलेले नसेल. गीझरच्या आठ खेपा घालायच्या की ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस वाट पाहायची, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.